कंपूतले रात्रीचे जेवण : ग्वाल्हेरच्या मराठी स्वयंपाकाची वाटचाल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील कंपू ही वस्ती शिंद्यांच्या फौजेमुळे वसली. महादजी शिंदे यांनी १७८४ नंतर बेन्वा द बॉयन या सावोयातील अधिकाऱ्याच्या हाताखाली युरोपीय पद्धतीच्या कवाइती पलटणी उभ्या केल्या. अशा पलटणींच्या समूहाला त्या काळी कंपू म्हणत. इंग्रजांशी झालेल्या १८०३ च्या युद्धात या फौजेचा मोठा भाग मोडला आणि त्याच वर्षी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. पुढे १८१० मध्ये महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांनी उज्जैन सोडून ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तो तळ उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, बाजार बसले आणि लष्कर हेच शहराचे नाव झाले. कंपू, शिंदे की छावणी, जिन्सी नाला ही नावे त्या फौजेची खूण म्हणून आजही नकाशावर आहेत. या वस्तीतल्या मराठी घरांनी दोनशे वर्षांत आपले रोजचे जेवण कसे घडवले आणि त्याच्या कृती एकमेकांना कशा दिल्या, हा मराठी समाजाच्या इतिहासाचा एक भाग आहे. राजवाड्यातल्या मेजवान्यांची वर्णने पुष्कळ झाली. रोज संध्याकाळी शिजणारे अन्न मात्र इतिहासाबाहेरच राहिले.

छावणीतला शिधा

फौजेबरोबर बाजार चाले, तसा शिधाही चाले. पीठ, डाळ, तूप, मीठ ही शिध्याची मूळ चौकट होती. कवाइती पलटणींमध्ये मराठे थोडे आणि अवध, रोहिलखंड व दुआब या प्रदेशांतून आलेले शिपाई अधिक होते. अवधकडचा शिपाई दिवसभराचे काम आटोपल्यावर जमिनीवर आपला चौका आखून, स्वतःची चूल मांडून स्वतःपुरते शिजवी. जाड रोट्या आणि तुरीची किंवा हरभऱ्याची डाळ हे त्याचे अन्न. मराठा शिलेदाराची भाकरी, पिठले आणि कांदा त्याच मैदानात, पण वेगळ्या चुलीवर होई. कंपूच्या जमिनीवर पहिल्यापासूनच दोन स्वयंपाकपद्धती शेजारी शेजारी नांदल्या.

दौलतरावांच्या छावणीत १८०९ साली राहिलेला इंग्रज अधिकारी टॉमस ब्रॉटन याची पत्रे १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. छावणीचे दैनंदिन जीवन, तिथले सण आणि बाजार यांचे वर्णन त्यांत सापडते. छावणी म्हणजे एक चालते शहर होते आणि त्यात वाणी, बनिये, हलवाई यांना सैनिकाइतकेच महत्त्व होते, हे त्यातून कळते. लष्कर शहरातल्या दाल बाजारासारख्या पेठा याच गरजेच्या पुढच्या पायऱ्या होत.

वाड्यांमधला मेळ

छावणी स्थिर झाली तशी महाराष्ट्रातून माणसे येत राहिली. शितोळे, आंग्रे, फाळके, पाटणकर, जाधव अशी सरदार घराणी आली. त्यांच्यामागून कारकून, फडणीस, भिक्षुक, वैद्य, गवई आणि त्यांची कुटुंबे आली. फालके बाजार, पाटणकर बाजार ही पेठांची नावे त्या घराण्यांवरून पडली. १८५२ ते १८५९ या काळात राज्याचे दिवाण असलेले दिनकरराव राजवाडे हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखचे. शिंद्यांचे कुलदैवत कोल्हापूरजवळचा जोतिबा आणि मूळ गाव साताऱ्याकडचे कण्हेरखेड. म्हणजे कोकण, देश आणि घाटमाथा असे तिन्ही भाग ग्वाल्हेरच्या एकाच गल्लीत राहू लागले.

महाराष्ट्रात या भागांचे स्वयंपाक एकमेकांपासून बरेच दूर होते. कोकणस्थ घरात नारळ, आमसूल आणि भात. देशस्थ घरात काळा मसाला, ज्वारीची भाकरी आणि डाळीचे प्रकार. मराठा घरात कांदा-लसणाचे वाटण आणि रस्सा. कायस्थ प्रभूंच्या घरात वालाचे बिरडे. ग्वाल्हेरला या सगळ्यांचा शेजार झाला. वाड्याच्या चौकात उन्हाळ्यात पापड लाटणे, कुरडया घालणे, वर्षाचा मसाला कुटणे ही कामे एकत्र होत. कोणाच्या मसाल्यात दगडफूल किती, कोणाच्या मसाल्यात तीळ आणि सुके खोबरे किती भाजतात, हे अशा वेळी कळे. लिहिलेली कृती नसताना स्वयंपाकाचे ज्ञान पसरवण्याचे हे पहिले साधन होते.

दुसरे साधन सणांचे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे, श्रावणात मंगळागौरीचा फराळ, आश्विनात भोंडला. भोंडल्याची खिरापत झाकून ठेवायची आणि मुलींनी ती ओळखायची, असा खेळ असल्यामुळे दर दिवशी वेगळा पदार्थ करणे घरधणिनीला भाग पडे. खिरापत ओळखणाऱ्या मुलींना वास, चव आणि जिन्नस ओळखण्याचे शिक्षण नकळत मिळे, आणि ओळखता न आलेल्या पदार्थाची कृती दुसऱ्या दिवशी चार घरी पोचे.

तिसरे साधन वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांचे. गरीब विद्यार्थ्याने आठवड्यातला एकेक वार एकेका घरी जेवायचे, अशी प्रथा मराठी गावांत होती. ग्वाल्हेर हे गाण्याचे गाव. हद्दूखाँ-हस्सूखाँ यांच्या परंपरेतले गाणे शिकायला एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून तरुण इथे येत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे त्यांतले मोठे नाव. शिकण्यासाठी आलेल्या परगावच्या मुलाला आपल्या पानावर बसवणे हे अशा समाजात घराचे कर्तव्य मानले जाई. रोजचेच अन्न, त्यातलेच एक पान पाहुण्याला, ही त्या प्रथेची रीत होती.

जमिनीने बदललेले जिन्नस

मराठी जेवणाची मांडणी ग्वाल्हेरलाही तीच राहिली. पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भात-वरण आणि पोळी. जिन्नस मात्र चंबळ खोऱ्याने ठरवले.

हा प्रदेश गहू, हरभरा, बाजरी, तूर आणि मोहरीचा. भिंड-मुरैना भागात बाजरी मुबलक, त्यामुळे थंडीत ज्वारीऐवजी बाजरीची भाकरी सोयीची. गहू रोजचा झाल्यामुळे घडीच्या पोळीबरोबर उत्तरेकडचा फुलकाही घरात आला; तो विस्तवावर फुगतो, तेल कमी लागते आणि रात्री पटकन होतो. फोडणीला शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलाऐवजी मोहरीचे तेल मिळे. ते धूर येईपर्यंत तापवून मग वापरावे लागते, नाहीतर त्याचा उग्रपणा जात नाही. मराठी फोडणीची वेळ त्यामुळे बदलली. ओला नारळ रेल्वेपूर्वी जवळजवळ अप्राप्य, म्हणून वाटणात सुके खोबरे, तीळ आणि दाण्याचे कूट आले. आमसूल वाळलेले असल्याने ते महाराष्ट्रातून आणून टिकवता येई. पण रोजच्या आंबटपणासाठी चिंच आणि कैरीची वाळवलेली आमचूर जास्त हाताशी होती. संकष्टीच्या रात्री तांदळाच्या उकडीच्या मोदकांपेक्षा कणकेचे तळलेले मोदक करणे अशा ठिकाणी सोपे पडते.

काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या नाहीत, फक्त ओळखाव्या लागल्या. उत्तरेत हिवाळ्यात शेतातून आपोआप उगवणारा बथुआ म्हणजे महाराष्ट्रातला चाकवतच. चाकवताची ताकातली भाजी हा मराठी रात्रीच्या जेवणातला जुना पदार्थ, आणि ग्वाल्हेरच्या थंडीत त्याला लागणारे सर्व काही स्वस्त मिळते. भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे चाकवताच्या पानांबरोबर शिजवायचे, रवीने घोटायचे, आंबट ताकात कालवलेले डाळीचे पीठ त्यात घालून सारखे ढवळत उकळी आणायची आणि वरून हिंग, मोहरी, लसूण, लाल मिरचीची फोडणी द्यायची. ढवळणे थांबले तर ताक फुटते; या भाजीत जपायचे ते एवढेच.

हिवाळी मटारनेही मराठी स्वयंपाकात जागा मिळवली. ग्वाल्हेरला डिसेंबर-जानेवारीत तापमान पुष्कळ खाली उतरते, आणि त्या थंडीत मटार गोड होतो. त्याची उसळ, मटार-भात, पोह्यांतले मटार हे प्रकार घरोघरी आले. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो आणि भाज्या संपतात. तेव्हा मराठी सांडगे आणि इथल्या मुगाच्या मंगोड्या एकच काम करतात: वाळवलेली डाळ फोडणीच्या रश्श्यात टाकली की रात्रीची भाजी तयार. संक्रांतीला तिळगुळाच्या शेजारी मुरैन्याची गजक बसली. हरसी धरणाच्या कालव्यांमुळे डबरा भागात भाताचे पीक वाढले आणि वरण-भाताला जवळचा तांदूळ मिळू लागला.

मराठा घरांतले मटण, खंडोबाच्या चंपाषष्ठीचे वांग्याचे भरीत आणि भाकरी, दसऱ्याचे पुरण हे त्या त्या घराच्या कुळाचाराने टिकवले. कंपूतल्या टेकडीवरचे मांढरे की माता हे देवीचे मंदिर जयाजीराव शिंदे यांच्या पदरचे सरदार आनंदराव मांढरे यांनी उभारले, आणि शिंदे घराण्याचे दसऱ्याचे शमीपूजन तिथेच होते. सणाच्या दिवशी दुपारी पुरणपोळी आणि रात्री तिच्या कटाची आमटी व भात, ही मराठी घराची बचतीची रीत इथेही चालली. पुरणाची डाळ शिजल्यावर उरलेले पाणी फेकायचे नाही. त्यात चिंच, गूळ आणि गोडा मसाला घालून आमटी करायची.

रात्रीच्या जेवणाची वेळ आणि वजन

जुन्या मराठी घरात दुपारचे जेवण मुख्य असे. रात्रीचे जेवण दिवेलागणीनंतर लवकर आणि हलके: मुगाची खिचडी आणि कढी, पिठले-भात, ताकभात, थालीपीठ. यामागे कारणे होती. तेलाच्या दिव्याच्या उजेडात शिजवणे कठीण, सरपण मोजके, आणि दुपारची पोळी-भाजी उरलेली. चातुर्मासात अनेक घरी कांदा, लसूण आणि वांगे बंद होई, म्हणून आषाढातल्या कांदेनवमीला कांद्याचे सगळे प्रकार करून घेत. श्रावणी सोमवारी आणि शनिवारी उपवास संध्याकाळी सुटे, त्या दिवशी मात्र रात्रीचेच जेवण मोठे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे वेळापत्रक बदलू लागले. माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत राज्याची कचेरी, शाळा, न्यायालये आणि रेल्वे वाढली. कचेरीला जाणारा माणूस सकाळी लवकर जेवून निघे आणि संध्याकाळी परते. कुटुंब एकत्र बसण्याची वेळ रात्रीकडे सरकली. १८९९ मध्ये लॉर्ड कर्झनच्या हस्ते सुरू झालेले जयारोग्य रुग्णालय आणि १९४६ चे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय कंपूच्या आसपासच असल्यामुळे या वस्तीत डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी आणि रुग्णांचे नातलग यांची वर्दळ वाढली. आजाऱ्यासाठी घरून जाणारा मऊ भात, मुगाचे वरण आणि भाजलेला पापड यांचा डबा हे रात्रीच्या स्वयंपाकातले एक नेहमीचे काम झाले.

हातातून वहीत, वहीतून पुस्तकात

मराठी पाककृती लिहिण्याची आणि छापण्याची परंपरा ग्वाल्हेरबाहेर घडली. सतराव्या शतकात तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने रघुनाथ गणेश नवहस्त यांनी भोजनकुतूहल हा संस्कृत ग्रंथ रचला. तंजावरलाच पुढे सरफोजी राजांच्या मुदपाकखान्यातले पदार्थ मराठीत लिहून ठेवले गेले; ते पुस्तक शरभेंद्र पाकशास्त्र या नावाने ओळखले जाते. छापील मराठी पाकपुस्तकांत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र १८७५ चे. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे गृहिणीमित्र आले. त्यात हजार पाकक्रिया होत्या. १९४३ मध्ये सारस्वत महिला समाजाने रसचंद्रिका काढली. तंजावर आणि ग्वाल्हेर यांच्यातला फरक इथे स्पष्ट दिसतो. तंजावरच्या मराठ्यांचा स्वयंपाक दरबाराने लिहवून घेतला. ग्वाल्हेरचा घराघरांत बोलीतून चालत राहिला.

तरी पुस्तकांचा परिणाम ग्वाल्हेरवरही झाला. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० मध्ये सुरू केलेल्या स्त्री मासिकासारखी नियतकालिके महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना मुंबई-पुण्याशी जोडून ठेवत. मासिकातली कृती कापून वहीत चिकटवायची, त्याखाली आपल्या अनुभवाची टीप लिहायची, अशा वह्या अनेक मराठी घरांत तयार झाल्या. जुन्या कृतींत माप शेर, पायली आणि तोळ्यांचे असे, आणि बरेचदा मापच नसे. मीठ अंदाजाने, हिंग चिमूटभर. मोठ्या घरात सासूच्या हाताखाली शिकताना अंदाज पुरे, पण घर सोडून गेलेल्या मुलीला तो पुरत नाही. १९५८ नंतर देशात मेट्रिक मापे आली आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे रुचिरा प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकाने कृती वाटी आणि चमच्यात मोजल्या. हे माप प्रत्येक स्वयंपाकघरात असते, म्हणून ते ग्वाल्हेर, इंदूर आणि बडोद्याच्या घरांत तितकेच उपयोगी पडले. नवऱ्या मुलीला लग्नात रुचिरा भेट देण्याची पद्धत पडली, ती यामुळेच.

एका वाटी डाळीच्या पिठाला तीन वाट्या पाणी, हे पिठल्याचे माप त्याचे साधे उदाहरण. फोडणीत हिंग, हळद, हिरवी मिरची आणि लसूण परतायचा, पाणी उकळायचे, थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवलेले पीठ धार धरून ओतायचे आणि झाकण ठेवून दोन वाफा आणायच्या. ग्वाल्हेरला हरभरा जवळच पिकतो. त्यामुळे घरात भाजी नसेल त्या रात्री पिठले हेच उत्तर, आणि शेजारच्या हिंदी घरातला बेसनाचा गट्टा किंवा कढी-पकोडी हे त्याचे जवळचे नातलग.

तुटवडा, कुकर आणि विभक्त कुटुंब

संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये नवीन मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली. जहागिऱ्या संपल्या, मोठे वाडे वाटण्यांत विभागले गेले, आणि बरीच मराठी कुटुंबे नोकरीसाठी इंदूर, पुणे, दिल्लीकडे गेली. वीस-पंचवीस पानांच्या पंगतीसाठी शिजवणारे घर चार माणसांचे झाले. सकाळ-संध्याकाळ शिजवणाऱ्या एकट्या बाईला वेळ आणि इंधन दोन्ही वाचवणे भाग पडले.

याच काळात अन्नाचा तुटवडा होता. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि सोमवारची रात्र त्यासाठी निवडली गेली. मराठी घरात सोमवारचा उपवास आधीच परिचित होता, त्यामुळे आवाहन समजावून सांगावे लागले नाही. धान्य पुरवण्यासाठी भाजणीचे थालीपीठ, कोंड्यासह कणीक, शिळ्या पोळीचा कुस्करा आणि शिळ्या भाताला फोडणी हे प्रकार पुन्हा महत्त्वाचे ठरले. टंचाईत टाकून न देण्याची ही शिकवण त्या पिढीने पुढेही सोडली नाही.

हॉकिन्स कंपनी मुंबईत १९५९ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या दोन दशकांत प्रेशर कुकर मध्यमवर्गीय घरात पोचला. त्याच्या तीन डब्यांत एकाच वेळी भात, तुरीचे वरण आणि बटाटे शिजू लागले. कोळशाची शेगडी आणि रॉकेलचा स्टोव्ह यांच्या जागी गॅस आला, तेव्हा कामावरून आलेली बाई अर्ध्या तासात वरण-भात-भाजी-पोळीचे जेवण मांडू शकली. रात्रीचे जेवण वजनदार झाले, कारण दिवसभर वेगळ्या ठिकाणी डबा खाणारे घर फक्त तेव्हाच एकत्र बसे.

कंपूत कमलाराजा कन्या महाविद्यालयासारख्या संस्थांमुळे मुलींचे शिक्षण वाढले आणि गृहविज्ञान हा अभ्यासाचा विषय झाला. आहारातले प्रथिन, पालेभाज्यांतले लोह, डाळ-तांदळाची जोडी एकमेकांची उणीव कशी भरून काढते, हे वर्गात शिकवले जाऊ लागले. आजीची मुगाची खिचडी आणि पाठ्यपुस्तकातला संतुलित आहार यांत विरोध नव्हता; खिचडीला पुस्तकातले कारण मिळाले.

आजचे पान

कंपू आणि लष्कर भागातल्या मराठी घरांत आज हिंदी आणि मराठी दोन्ही बोलल्या जातात, आणि पानातही दोन्ही असतात. वरण-भाताच्या शेजारी अरबीची मोहरीच्या तेलातली भाजी, पोळीऐवजी फुलका, आमटीत आमचूर, कोशिंबिरीवर मात्र दाण्याचे कूट आणि हिंगाची फोडणी. सुना इतर भाषांच्या घरांतून येतात, मुली इतर प्रांतांत जातात, आणि कृती फोनवर सांगितल्या जातात. चौकात मसाला कुटताना जे ज्ञान एकमेकींकडे जात होते तेच आता या मार्गाने जाते.

यातून एक निष्कर्ष निघतो. दूरच्या प्रदेशात वसलेल्या समाजाचा स्वयंपाक मूळ गावाची नक्कल करून टिकत नाही. मांडणी, क्रम आणि चवीचा तोल सांभाळून तो जिन्नस स्थानिक घेतो आणि कृती उघडपणे वाटतो, म्हणून टिकतो. ग्वाल्हेरच्या मराठी घरांनी हे दोनशे वर्षे केले. ज्या घरांत जुन्या पाककृतींच्या वह्या अजून आहेत, त्यांनी त्या जपाव्यात, मापांसह आणि घरच्या शब्दांसह पुन्हा लिहून काढाव्यात आणि पुढच्या पिढीच्या हाती द्याव्यात. दरबाराने हा स्वयंपाक लिहिला नाही; तो लिहिण्याचे काम आता घरांचेच आहे.